मातीच्या भिंतीत पेंढा किंवा तूस मिसळल्याने घर खरोखर थंड राहते का?

मृण्मय (धागाकर्ता)

मातीच्या बांधकामाची चर्चा निघाली की एक विधान हमखास ऐकू येते: मातीत पेंढा, भाताचे तूस किंवा लाकडाचा भुसा मिसळला की भिंत 'थंड' होते. हे विधान पूर्णपणे खोटे असते तर ते खोडून काढून मोकळे होता आले असते. पण ते अर्धे खरे आहे, आणि त्या अर्ध्या खरेपणावर विसंबून लोक नको त्या जागी नको ती भिंत बांधतात, असे माझे मत झाले आहे. म्हणून हा धागा काढत आहे.

आधी आकडे पाहू. कोरड्या मातीची उष्णतावाहकता मुख्यतः तिच्या घनतेवर ठरते. (यापुढे नुसते 'वाहकता' म्हणतो, एकक वॅट प्रति मीटर-केल्विन.) जर्मनीत मातीच्या भिंतींच्या गणितासाठी जे आकडे धरले जातात, ते ढोबळमानाने असे आहेत: घनमीटरला २,००० किलो भरणाऱ्या ठासलेल्या मातीची वाहकता १.१, १,६०० किलोला ०.७, १,२०० किलोला ०.४७, ८०० किलोला ०.२५ आणि ६०० किलोला ०.१७. या आकड्यांत पेंढा, तूस किंवा भुसा यांचा वेगळा उल्लेख करावा लागत नाही, कारण उष्णता अडवण्याचे काम त्यांच्यापेक्षा त्यांच्याबरोबर आत आलेली हवा करते. स्थिर हवेची वाहकता सुमारे ०.०२५ आहे, पाण्याची ०.६ आहे, आणि वाळूतील मुख्य खनिज असलेल्या क्वार्ट्झची पाण्याच्या दहापटीहून अधिक आहे. म्हणजे मातीचा कण हा उष्णतेचा राजमार्ग असतो आणि कणांमधली हवा हा अडथळा असतो. पेंढ्याची काडी पोकळ असल्यामुळे ती मातीत हवा कोंडून ठेवते, आणि तिचे उष्णतेसंबंधीचे श्रेय बहुतांशी एवढेच आहे.

दुसरी गोष्ट प्रमाणाची. 'तीन टक्के पेंढा घातला' असे कोणी सांगितले की ते वजनाने की आकारमानाने, हे आधी विचारावे. काडीच्या पोकळीत चिखल शिरला नाही असे धरून पेंढ्याची घनता घनमीटरला २५० किलो मानली, तर १,८०० किलो घनतेच्या मातीत वजनाने ३ टक्के पेंढा म्हणजे आकारमानाने जवळजवळ १८ टक्के होतो. मिश्रणाची घनता १,५०० च्या आसपास उतरते आणि वाहकता ०.९ वरून ०.६६ पर्यंत येते. फरक दिसण्याजोगा आहे, पण या भिंतीला उष्णतारोधक म्हणावे असे काही घडलेले नाही. शिवाय पेंढा बारीक कुटून घातला, तर नळ्या फुटतात, त्यांत चिखल भरतो आणि हा फायदाही अर्ध्यावर येतो. वाहकता खरोखर ०.२ च्या खाली आणायची असेल तर हिशोब उलटा करावा लागतो. तेथे मातीत पेंढा घालत नाहीत, तर पेंढ्याला मातीच्या पातळ गाऱ्यात बुडवून काढतात आणि माती केवळ काड्या एकमेकींना चिकटवण्यापुरती उरते. हा पदार्थ वेगळाच आहे. तो भार घेत नाही; त्याला लाकडाचा सांगाडा लागतो.

माझा प्रश्न असा आहे की भार घेणारी जड माती आणि उष्णता अडवणारी हलकी माती या दोन टोकांच्या मध्ये जी मिश्रणे बहुतेक लोक प्रत्यक्षात वापरतात, म्हणजे साधारण १,२०० ते १,५०० किलो घनतेची, त्यांचा उष्णतेच्या दृष्टीने नेमका उपयोग काय? जाणकारांनी लिहावे.

तापमापी

मृण्मय यांनी घनतेचा मुद्दा नेमका मांडला आहे. मात्र वाहकता हा स्थिर अवस्थेतला आकडा आहे. बाहेर सतत एक तापमान आणि आत सतत दुसरे, अशा परिस्थितीत तो पुरतो. थंड हवामानात अखंड तापवलेल्या घराला तो लागू पडतो. जेथे दुपार आणि पहाट यांच्यात पंधरा-वीस अंशांचा फरक असतो, तेथे तो अपुरा ठरतो.

दैनंदिन चढउताराला भिंत कसा प्रतिसाद देते, हे दोन राशी ठरवतात. पहिली प्रसारता, म्हणजे वाहकतेला घनता आणि विशिष्ट उष्मा (एक किलो पदार्थ एक अंशाने तापवायला लागणारी उष्णता) यांच्या गुणाकाराने भागून येणारी राशी. तापमानाची लाट पदार्थातून किती वेगाने आत सरकते, हे तिच्यावरून कळते. दुसरीत वाहकता, घनता आणि विशिष्ट उष्मा या तिघांच्या गुणाकाराचे वर्गमूळ घेतात. तिला मी 'शोषकता' म्हणतो; पाठ्यपुस्तकात कदाचित वेगळा शब्द सापडेल. पृष्ठभाग भोवतालची उष्णता किती उत्साहाने पिऊन घेतो, हे ती सांगते.

आता दोन भिंती घेऊ. जड: घनता २,०००, वाहकता १.०, विशिष्ट उष्मा ९०० जूल प्रति किलो-केल्विन. हलकी: घनता ६००, वाहकता ०.१७, विशिष्ट उष्मा १,१०० (वनस्पतिजन्य पदार्थाचा विशिष्ट उष्मा मातीपेक्षा जास्त असतो म्हणून). जड मातीत चोवीस तासांची लाट सुमारे १२ सेंटिमीटरवर मूळच्या ३७ टक्क्यांवर येते, हलकीत ती ८ सेंटिमीटरवरच तेवढी क्षीण होते. त्यामुळे ३० सेंटिमीटरच्या जड भिंतीतून लाट पलीकडे पोचायला नऊ तासांहून थोडा अधिक वेळ लागतो, तर तेवढ्याच जाडीच्या हलक्या भिंतीतून साडेतेरा तास लागतात. अनेकांना हे उलटे वाटते. 'जड भिंत म्हणजे जास्त विलंब' हे समीकरण इतके मनात बसलेले असते की हलकी माती विलंबातही पुढे आहे, यावर विश्वास बसत नाही. हे आकडे भिंत अमर्याद जाड आहे असे गृहीत धरून काढलेले आहेत, त्यामुळे प्रत्यक्षात थोडे बदलतील. क्रम बदलणार नाही.

शोषकतेत मात्र चित्र पालटते. जड मातीची सुमारे १,३४०, हलकीची ३३५, म्हणजे चौपट फरक. वेगळ्या शब्दांत, आतल्या बाजूच्या पहिल्या १० सेंटिमीटर थरात एक अंश वाढीसाठी जड माती चौरस मीटरमागे १८० किलोजूल साठवते आणि हलकी माती केवळ ६६. खोलीत माणसे आहेत, चूल पेटली आहे, खिडकीतून ऊन येत आहे, अशा वेळी आतली उष्णता पिऊन घेऊन खोलीचे तापमान स्थिर ठेवणे हे काम हलक्या भिंतीला जमत नाही.

म्हणून मृण्मय यांच्या प्रश्नाला माझे उत्तर असे आहे की मधल्या घनतेची मिश्रणे दोन्ही कामे करतात आणि एकही धड करत नाहीत.

नवशिका_घरकरी

चर्चा वाचून बरेच कळले, पण माझी अडचण साधी आहे. माझ्या घराच्या भिंती ४५ सेंटिमीटर जाडीच्या, जड मातीच्या आणि जुन्या आहेत. उन्हाळ्यात आत उकडते. बाहेरून माती, शेण आणि तूस यांचा गिलावा जाडसर केला तर भिंत उष्णतारोधक होईल, असे मला सांगण्यात आले आहे. किती जाडीचा करावा?

गारा_आणि_थापी

नवशिका यांनी तो गिलावा जरूर करावा, पण उष्णतेसाठी करू नये.

गणित अगदी लहान आहे. १५ मिलिमीटर गिलाव्याची वाहकता ०.६ धरली तर त्याचा उष्णतारोध, म्हणजे मीटरमधली जाडी भागिले वाहकता, ०.०२५ होतो. भिंतीच्या आतल्या पृष्ठभागाला चिकटून असलेला हवेचा पातळ पापुद्रा एकटाच ०.१३ इतका रोध करतो, म्हणजे फुकट मिळणारी हवा तुमच्या गिलाव्याच्या पाचपट काम करून जाते. तूस वाढवून गिलाव्याची वाहकता निम्मी केली तरी रोध ०.०५ होईल. गिलाव्याने भिंत रोधक होत नाही, मग त्यात काहीही मिसळा.

मग शेण आणि तंतू गिलाव्यात कशासाठी? तंतू भेगांसाठी. चिकणमाती सुकताना आकसते, आकसताना ताण येतो, आणि आडवेतिडवे पसरलेले तंतू तो ताण एका मोठ्या भेगेऐवजी असंख्य सूक्ष्म भेगांत वाटून टाकतात. शेण पाण्यासाठी. ते मिसळलेली माती पावसाच्या माऱ्याला अधिक काळ टिकते. त्यातील पचून बारीक झालेले तंतू आणि चिकणमातीशी होणारी रासायनिक क्रिया या दोन्हींचा त्यात वाटा आहे. मी अनेक वर्षे गिलाव्याचे काम करत आलो आहे आणि गारा चार-पाच दिवस मुरू दिल्याने हाताखाली येणारा चिकटपणा मला ओळखता येतो. पण त्या मुरवण्याने खोली दोन अंशांनी थंड झाली, असे मी कधी अनुभवले नाही.

नवशिका यांच्या भिंतीवर पाहण्यासारखी गोष्ट वेगळी आहे: तिचा रंग. उघड्या तपकिरी मातीचा पृष्ठभाग उन्हाचा साधारण ६५ टक्के भाग शोषतो, ताजा चुन्याचा हात दिलेला पृष्ठभाग २५ टक्के. भिंतीवर चौरस मीटरला ८०० वॅट ऊन पडत असताना आणि बाहेरच्या पृष्ठभागावरून उष्णता निघून जाण्याचा गुणांक २० धरला असता, तपकिरी भिंतीला हवा प्रत्यक्षाहून २६ अंश जास्त तापल्यासारखी 'वाटते', पांढऱ्या भिंतीला १०. चुन्याच्या दोन हातांनी सोळा अंशांचा फरक पडतो. एवढे काम करणारा पेंढा मी तरी पाहिलेला नाही.

तापमापी

गारा_आणि_थापी यांच्या मुद्द्याला एक जोड देतो, कारण नवशिका यांच्या भिंतीचे दुखणे नेमके कोठे आहे, ते त्यातून दिसेल. ४५ सेंटिमीटरच्या जड भिंतीत दैनंदिन लाट तीन टक्क्यांपेक्षाही कमी उरते. म्हणजे दुपारची उष्णता 'आत येते' हा समज त्यांच्या भिंतीपुरता खरा नाही. आत येते ती बाहेरच्या तापमानाची दिवसरात्रीची सरासरी, आणि त्या सरासरीत उन्हाने तापलेल्या पृष्ठभागाचाही वाटा असतो. चोवीस तासांचे सरासरी ऊन चौरस मीटरला २०० वॅट धरले, तर चुन्यामुळे ही सरासरी चार अंशांनी उतरते. जड भिंत सरासरीला अडवत नाही. ती फक्त चढउतार कापते. हे एकदा पटले की पुढचे बरेच गोंधळ मिटतात.

कच्चीवीट

मला थोडा वेगळा सूर लावायचा आहे. मातीच्या बाजूने बोलताना ज्या प्रयोगाचा दाखला नेहमी दिला जातो, तो इजिप्तचे वास्तुरचनाकार हसन फाथी यांच्याशी निगडित आहे. १९६४ साली कैरो येथे निरनिराळ्या साहित्याच्या चाचणी-खोल्या बांधून त्यांच्या आतील तापमान मोजले गेले. कच्च्या विटांच्या खोलीतले तापमान दिवसभरात २१ ते २३ अंशांच्या दरम्यान राहिले, तर काँक्रीटच्या तयार फळ्यांच्या खोलीत ते ३६ अंशांपर्यंत चढले. हा निष्कर्ष मातीचा विजय म्हणून सांगितला जातो.

मला मातीचे प्रेम आहे, पण ही तुलना मला नेहमी अस्वस्थ करते. मातीची भिंत ५० सेंटिमीटर जाड होती आणि काँक्रीटची १० सेंटिमीटर. तापमापी यांच्याच पद्धतीने काँक्रीटचा हिशोब केला, तर ५० सेंटिमीटर काँक्रीटमध्येही दैनंदिन लाट जेमतेम तीन टक्के उरते. म्हणजे त्या प्रयोगात जिंकली ती मुख्यतः जाडी. मातीच्या बाजूने खरा युक्तिवाद निराळा आहे आणि तो अधिक भक्कम आहे: ५० सेंटिमीटर जाडीची भिंत मातीत सहज परवडते, काँक्रीटमध्ये ती कोणी बांधणार नाही. साहित्याचा गुण आणि त्या साहित्याने शक्य केलेली जाडी, या दोन गोष्टी वेगळ्या ठेवून बोलावे, एवढीच विनंती.

मिश्रणांवरचे अनेक प्रयोगही याच दोषाने ग्रासलेले असतात. पेंढा घातलेला नमुना आणि न घातलेला नमुना यांची तुलना होते, पण दोन्ही नमुने सारख्याच जोराने ठासलेले नसतात. पेंढा असलेली माती उसळून येते, नीट दबत नाही. मग वाहकता कमी झाली ती पेंढ्याने की कमी ठासल्याने, हे सांगता येत नाही. मृण्मय यांच्या मते शेवटी दोन्हींचा अर्थ 'हवा' हाच आहे, हे मला मान्य आहे. पण कमी ठासल्याने आलेली हवा भिंतीची ताकद खाते आणि पेंढ्याबरोबर आलेली हवा निदान तंतूंचा ताणरोध बरोबर घेऊन येते.

ओल

आतापर्यंत सर्व आकडे कोरड्या मातीचे आहेत, आणि कोरडी माती फक्त प्रयोगशाळेच्या भट्टीत असते.

भिंतीतली माती हवेतल्या बाष्पाशी सतत देवाणघेवाण करत असते. सामान्य आर्द्रतेला तिच्यात वजनाच्या एक ते तीन टक्के पाणी सहज असते, तंतूंमध्ये त्याहून पुष्कळ जास्त. मिश्रणात तंतू वाढवाल तसे पाणी धरून ठेवण्याची क्षमताही वाढते. आणि पाणी येऊन बसते ते हवेच्या जागी: ०.०२५ वाहकतेच्या पदार्थाला हटवून ०.६ वाहकतेचा पदार्थ. शिवाय ते कणांच्या सांध्यांमध्ये आधी साचते, जेथे उष्णतेचा रस्ता सर्वांत अरुंद असतो, त्यामुळे थोड्याशा पाण्याने वाहकता त्याच्या प्रमाणापेक्षा अधिक वाढते. पावसाळ्यात भिजलेल्या हलक्या भिंतीला ०.१७ चा आकडा लावणे म्हणजे स्वतःची फसवणूक आहे.

पाण्याची दुसरी बाजू मात्र मातीच्या पारड्यात पडते. जर्मनीतील कासेल विद्यापीठात मातीच्या बांधकामाचे अभ्यासक गेर्नोट मिंके यांनी केलेल्या मोजमापांनुसार, खोलीची सापेक्ष आर्द्रता ५० वरून ८० टक्क्यांवर नेली असता कच्च्या मातीच्या भिंतीचा दीड सेंटिमीटर जाडीचा पहिला थर दोन दिवसांत चौरस मीटरमागे सुमारे ३०० ग्रॅम पाणी शोषतो. आर्द्रता स्थिरावल्याने माणसाला सुसह्य वाटते, यात शंका नाही. पण 'माती बाष्प शोषते म्हणून थंडावा येतो' हा पुढचा निष्कर्ष चुकीचा आहे. बाष्प मातीत बसताना उष्णता बाहेर टाकते, आणि माती सुकताना ती परत घेते. ३०० ग्रॅमचा हिशोब केला तर दोन दिवसांवर पसरलेली ती उष्णता चौरस मीटरला चार वॅटांच्या आसपास भरते. म्हणजे आर्द्रता चढत असताना भिंत किंचित ऊब देते, उतरत असताना किंचित थंडावा. थंडावा हवा असेल तर कोरडा वारा त्या वेळी भिंतीवरून वाहत असला पाहिजे.

चिकणमातीच्या प्रकारानेही मोठा फरक पडतो. मॉन्टमोरिलोनाइटयुक्त काळी माती केओलिनाइटयुक्त मातीपेक्षा कितीतरी अधिक पाणी धरते, आणि त्याच कारणाने सुकताना अधिक फुटते. तंतूंचे प्रमाण ठरवताना आधी आपली चिकणमाती कोणत्या जातीची आहे ते पाहावे.

मृण्मय

सर्वांचे आभार. तापमापी यांच्या 'दोन्ही कामे करतात आणि एकही धड करत नाहीत' या वाक्यावर मी बराच विचार केला आणि एक हिशोब मांडून पाहिला. मला तो या चर्चेचा कणा वाटतो.

समजा माझ्याकडे ५० सेंटिमीटर जाडीच्या भिंतीपुरती जागा आहे. एक मार्ग असा की सर्व माती आणि सर्व पेंढा एकत्र कालवून १,३०० किलो घनतेची एकसंध भिंत घालावी. तिची वाहकता ०.५३ च्या आसपास येईल आणि दोन्ही पृष्ठभागांचे रोध धरून उष्णतेचा प्रवाह चौरस मीटरला, अंशामागे ०.९० वॅट होईल. दुसरा मार्ग असा की तेच साहित्य दोन थरांत वेगळे करावे: २५ सेंटिमीटर जड माती (२,००० किलो) आणि २५ सेंटिमीटर हलकी माती (६०० किलो). भिंतीचे एकूण वजन तेच. पण आता उष्णतेचा प्रवाह ०.५३ वॅटवर येतो. हलका थर बाहेर आणि जड थर आत ठेवला, तर आतल्या बाजूला तापमापी यांची ती १८० किलोजूलची साठवणही शाबूत राहते. माती तीच, पेंढा तोच, जाडी तीच. केवळ कालवण्याऐवजी वेगळे ठेवल्याने उष्णतेची गळती चाळीस टक्क्यांनी घटली.

याचे कारण सरळ आहे. घनता घटते तसा रोध सरळ रेषेपेक्षा अधिक वेगाने चढतो, आणि एकापुढे एक ठेवलेल्या थरांमध्ये रोधांची बेरीज होते. त्यामुळे एक उत्तम रोधक थर आणि एक सुमार थर यांची जोडी दोन मध्यम थरांना नेहमी मागे टाकते. मिश्रण करणे म्हणजे हा फायदा हाताने पुसून टाकणे.

ही कल्पना माझी नाही. इंग्लंड आणि फ्रान्समधील संस्थांनी मिळून केलेल्या 'कॉबबॉज' या प्रकल्पात जड कॉबचा (पेंढा मिसळून थरांनी रचलेल्या ओल्या मातीचा) भार घेणारा थर आणि वनस्पतिजन्य तंतूंनी भरलेला हलका थर यांची एकत्र भिंत विकसित करण्यात आली. तेथील इमारतींचे उष्णतेचे नियम केवळ जड मातीने पाळता येत नाहीत, ही त्यामागची निकड होती.

गारा_आणि_थापी

कागदावर पटले. आता भिंतीवर काय होते ते सांगतो.

हलका थर बाहेर ठेवला की पावसाची सारी झळ सर्वांत दुबळ्या पदार्थाला बसते. त्याला रुंद वळचण हवी, जमिनीपासून निदान ४०-५० सेंटिमीटर दगडी जोते हवे आणि चुन्याचा गिलावा हवा. सिमेंटचा गिलावा अजिबात नको. त्याला भेग पडते, भेगेतून पाणी आत जाते, आणि बाहेर पडायला वाट मिळत नाही. दुसरे म्हणजे दोन थरांचा सांधा. जड माती आकसते, हलकी माती त्यामानाने कमी आकसते पण स्वतःच्या वजनाने खाली बसते. काही महिन्यांनी हलक्या थराच्या माथ्यावर बोटभर फट दिसते, आणि ती भरली नाही तर तेथून हवा खेळून तुमचा ०.५३ चा आकडा वाऱ्यावर जातो.

तिसरी गोष्ट मी स्वतः चुकून शिकलो. एकदा घाईत हलकी माती ४० सेंटिमीटर जाडीची भरली आणि तीही दमट हवेच्या दिवसांत. साच्याची एका बाजूची फळी काढायची राहून गेली. बाहेरून भिंत सुकल्यासारखी दिसत होती, पेंढ्याला फुटलेले हिरवे कोंबही वाळून गेले होते, म्हणून मी निर्धास्त होतो. दोन महिन्यांनी खिळा ठोकताना आतून कुजका वास आला. मध्यभाग काळा पडला होता. सगळा थर पाडावा लागला. तेव्हापासून ओला भरलेला हलका थर ३० सेंटिमीटरच्या पुढे नेत नाही, फळ्या त्याच दिवशी काढतो, आणि दोन्ही बाजूंनी वारा लागेल अशी हवा असल्याशिवाय काम सुरू करत नाही. मृण्मय यांच्या २५ सेंटिमीटर हलक्या थराच्या एका बाजूला जड ओली माती चिकटलेली असेल, म्हणजे तो एकाच बाजूने सुकणार. तेथे आधीच सुकवलेले हलके ठोकळे वापरणे मला अधिक सुरक्षित वाटते.

कच्चीवीट

ठोकळे वापरल्यास काड्यांच्या दिशेकडेही लक्ष द्यावे. काडीच्या लांबीच्या दिशेने उष्णता अधिक सहज जाते. नुसत्या पेंढ्याच्या गासड्यांत आडव्या दिशेची वाहकता ०.०५ च्या आसपास आणि काड्यांच्या दिशेची ०.०८ च्या आसपास मोजली गेली आहे. ठोकळा साच्यात वरून दाबला तर काड्या आडव्या निजतात. तो भिंतीत तसाच निजवून ठेवला, तर निम्म्याअधिक काड्या उष्णतेच्या प्रवाहाला आडव्या राहतात खऱ्या, पण काही बाहेरून आत रोखलेल्याही असतात. तोच ठोकळा दाबलेली बाजू बाहेर करून उभा लावला, तर बहुतेक सगळ्या काड्या प्रवाहाला आडव्या येतात. तूस आणि भुसा यांत हा प्रश्न फारसा उद्भवत नाही.

ओल

मोजमाप करू पाहणाऱ्यांसाठी थोडे लिहितो. संरक्षित तप्तपट्टिकेची पद्धत (नमुन्याची एक बाजू गरम, दुसरी थंड ठेवून त्यातून जाणारी उष्णता मोजणे) विश्वसनीय मानली जाते, पण तिला बराच वेळ लागतो. तेवढ्या वेळात ओल्या नमुन्यातले पाणी गरम बाजूकडून थंड बाजूकडे सरकते आणि तुम्ही मोजता ते भलतेच. नमुन्यात सुई खुपसून ती थोडाच वेळ तापवण्याच्या क्षणिक पद्धतीत हा दोष कमी आहे, पण सुई नेमकी काडीच्या पोकळीत शिरली तर आकडा फसवा कमी येतो आणि खड्याला टेकली तर फसवा जास्त. एका नमुन्यात निदान दहा ठिकाणी सुई घालावी, आणि प्रत्येक आकड्याशेजारी त्या वेळचे नमुन्याचे वजन लिहावे. वजनाशिवाय लिहिलेली वाहकता मी वाचत नाही.

उपकरण नसेल तर वजनकाटा पुरतो. मिश्रणाचा १५ सेंटिमीटरचा घन पाडावा, तो पूर्ण सुकू द्यावा आणि रोजचे वजन स्थिर झाले की घनता काढावी. घन ३.४ किलो भरला तर घनता १,००० च्या आसपास आणि वाहकता ०.३५ च्या आसपास धरायला हरकत नाही. ओलाव्यासाठी तीवर थोडी वाढ धरावी.

नवशिका_घरकरी

सर्वांचे मनापासून आभार. माझ्यापुरता निर्णय असा झाला आहे: गिलावा तूस-शेणाचा करीन, पण भेगा आणि पाऊस यांच्यासाठी, त्यावर चुन्याचे दोन हात देईन. एक शंका राहिली. माझे छप्पर पातळ पत्र्याचे आहे. भिंतीऐवजी त्याखाली काही करावे का?

तापमापी

नवशिका, हे आपण पहिल्याच प्रतिसादात लिहिले असते तर भिंतींचे एवढे गणित वाचले असते. उन्हाळ्याच्या दुपारी सूर्य माथ्यावर असतो, भिंतीला तिरपे ऊन लागते आणि छपराला सरळ. पातळ पत्र्याला ना रोध, ना साठवण. तो तापला की खालच्या बाजूने थेट तुमच्या अंगावर उष्णतेचे उत्सर्जन करतो. हलक्या मातीची खरी जागा तेथे आहे. पत्र्याखाली हवा खेळती राहील अशी फट सोडून, लाकडी पाटणीवर हलक्या मातीचे सुके ठोकळे १५ सेंटिमीटर जाडीने अंथरावेत. घनता ६०० असेल तर त्या थराचा रोध ०.८८ होतो. वजन चौरस मीटरला ९० किलो पडेल, ते पाटणीला आणि तुळयांना पेलते का, हे आधी सुताराकडून तपासून घ्यावे. भिंतींना हात लावू नये. रात्री खिडक्या उघड्या ठेवून त्यांना थंड होऊ द्यावे आणि सकाळी ऊन चढण्यापूर्वी बंद कराव्यात.